ओळंबा, गळ आणि खोल पाण्यातला मासा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून मासे पकडण्याविषयी बोलावयास आम्ही उभे राहिलो आहोत, हे पाहून पुढल्या रांगेतल्या काही मंडळींच्या चेहऱ्यावर जी शंका उमटली आहे ती आम्हांस दिसत नाही असे नाही. हा विषय स्वयंपाकघराचा की सभागृहाचा, अशी ती शंका आहे. तिचे निरसन आधीच करून टाकतो. मासा कसा शिजवावा यासंबंधी आम्ही चकार शब्द काढणार नाही. माणसाचा हात जिथे पोहोचत नव्हता तिथे तो कसा पोहोचला, आणि पोहोचल्यावर त्याने काय केले, एवढीच हकीकत सांगावयाची आहे. ती ज्या उपकरणाच्या आधाराने सांगावयाची त्याचे नाव डाउनरिगर. नाव अवघड वाटत असेल तर गवंड्याच्या हातातला ओळंबा डोळ्यांपुढे आणा. दोरीच्या टोकाला वजन आणि ते सरळ खाली लोंबते आहे, हेच त्या यंत्राचे सार. आम्ही आज त्याला ओळंबाच म्हणणार आहोत. मात्र हा ओळंबा कधीच सरळ लोंबत नाही, आणि खरी गंमत त्यातच आहे.

आधी जागा सांगतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून व्हँकूव्हर नावाचे मोठे बेट आहे. बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधोमध खाड्यांचे, सामुद्रधुन्यांचे आणि लहानमोठ्या बेटांचे एक जाळे पसरलेले आहे. या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर कॅम्बेल रिव्हर नावाचे गाव आहे. गावाच्या नावाचीच नदी तिथे समुद्राला मिळते. थोडे उत्तरेला सीमोर नॅरोज ही चिंचोळी वाट लागते. भरती-ओहोटीच्या वेळी तिथला प्रवाह ताशी पंधरा नॉटपर्यंत जातो. त्या वाटेच्या मधोमध पाण्याखाली एक जुळ्या शिखरांचा खडक होता, रिपल रॉक. त्याने कित्येक जहाजे फोडली आणि शंभरावर माणसे बुडवली. अखेरीस 5 एप्रिल 1958 रोजी कॅनडा सरकारने समुद्रतळाखालून बोगदा खणून, खडकाच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके भरून तो उडवून दिला. खडक गेला. प्रवाह मात्र आहे तिथेच आहे, आणि आपल्या ओळंब्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

या पाण्यातून चिनूक जातीचा सॅमन मासा जातो. तो नदीत जन्मतो, लहानपणीच समुद्रात उतरतो, तिथे तीन-चार-पाच वर्षे चरून मोठा होतो आणि मग आपल्या जन्माच्या नदीचा वास हुडकीत परत फिरतो. नदीत चढून अंडी घालून झाली की मरतो. तीस पौंड किंवा त्याहून अधिक वजनाच्या चिनूकला त्या भागात ‘टायी’ म्हणतात. तिथल्या जुन्या व्यापारी बोलीत या शब्दाचा अर्थ सरदार, नायक. परतीच्या वाटेवर हा सरदार हेरिंग नावाच्या माशांच्या थव्यांमागे असतो. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या गोत्यातला मासा. पहाटेच्या अंधुक उजेडात ही मंडळी पृष्ठभागाजवळ येतात. ऊन चढले की थवा खाली जातो, त्याच्या मागोमाग चिनूकही शंभर, दीडशे, कधी दोनशे फूट खाली जातो. म्हणजे कोळ्यापुढचा खरा प्रश्न ‘मासा कुठे आहे’ हा नसून ‘मासा किती खाली आहे’ हा आहे. समुद्राचा नकाशा आपण कागदावर सपाट काढतो, म्हणून ही गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही.

आता चालत्या होडीमागून गळ ओढीत नेण्याची रीत घ्या. इंग्रजीत तिला ट्रोलिंग म्हणतात. मरतुकड्या आमिषाला होडीच्या गतीने जीव येतो, ते पोहल्यासारखे दिसते आणि मासा फसतो. पण ज्या गतीने आमिषाला जीव येतो तीच गती त्याला वर उचलते. पाण्याचा रेटा दोरीला मागे ढकलतो आणि गळ पृष्ठभागाकडे सरकतो. खाली न्यावयाचा तर वजन लावावयास हवे. त्या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी समुद्रशैवालाच्या लांबच लांब देठांपासून दोर करीत आणि दगडाचे वजन बांधीत. पुढे धंदेवाईक ट्रोलर आले. त्यांनी शिशाचे तीसतीस, पन्नासपन्नास पौंडांचे गोळे पोलादी तारेला लावले आणि त्याच तारेवर ओळीने अनेक गळ अडकवले. मासा लागला की रहाटाने तार ओढावयाची. तोफेच्या गोळ्यासारखा दिसतो म्हणून त्या वजनाला त्यांनी ‘कॅननबॉल’ म्हटले. हे नाव आजही टिकून आहे. धंद्याला ही रीत ठीक होती. पण जो हौसेने काठी घेऊन बसला आहे, ज्याला माशाची ओढ हाताला जाणवावयास हवी आहे, त्याने दोरीला दोन पौंड शिसे लावले तर माशाशी झुंज कसली? मासा आधी शिशाशी झुंजतो आणि उरलीसुरली झुंज आपल्या वाट्याला येते.

डाउनरिगरच्या कल्पकाने केलेली युक्ती इतकी साधी आहे की ती आधी का सुचली नाही याचे नवल वाटावे. त्याने वजन आणि गळ यांची फारकत केली. होडीच्या कडेला एक लहानसा रहाट, त्याला बाहेर काढलेला हात, त्यावरून सोडलेली तार आणि तारेला दहा ते पंधरा पौंडांचा गोळा. हा झाला ओळंबा. गळाची दोरी निराळी, काठीही निराळी. गळ वीसेक फूट मागे सोडून दोरी गोळ्याजवळच्या एका चिमट्यात अडकवावयाची आणि मग गोळा खाली सोडावयाचा. गोळा जातो तशी दोरी जाते. हवी ती खोली आली की रहाट थांबवावयाचा. नंतर काठीचा ताण असा वाढवावयाचा की काठी धनुष्यासारखी वाकून शेंडा पाण्याकडे झुकावा. माशाने गळ धरून हिसका दिला की चिमटा सुटतो, वाकलेली काठी एकदम सरळ उसळते आणि त्या क्षणापासून मासा व माणूस यांच्यामध्ये फक्त एक बारीक दोरी उरते. ओझे सगळे ओळंब्याकडे. गोळा तिथेच लोंबत राहतो, आणि झुंजीत तार आडवी येऊ नये म्हणून सोबत्याने तो चटकन वर घ्यावयाचा असतो.

हे उपकरण नावारूपाला आले त्यात अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या महासरोवरांचाही वाटा आहे. 1966 साली मिशिगन राज्याने पॅसिफिकमधल्या कोहो सॅमनची पिल्ले तिथे सोडली. एलवाइफ नावाच्या क्षुद्र माशांचा तिथे सुकाळ झाला होता, त्यांना खाऊन ती मोठी झाली. उन्हाळ्यात थंड पाणी शोधत खाली गेलेल्या त्या सॅमनच्या मागे घरोघरचे लोक ओळंबे घेऊन धावले. फ्लोरिडाकडे जिवंत आमिष खोल उतरवून किंगफिशसाठी याच उपकरणाचा उपयोग करतात. तो किंगफिश म्हणजे आपल्या सुरमईचा चुलतभाऊ, तेव्हा परकेपणा मानण्याचे कारण नाही. पण आम्ही पाहिले ते कॅम्बेल रिव्हरच्या बाजूला, म्हणून तिकडेच परत जातो.

ओळंबा सरळ लोंबत नाही असे आम्ही म्हटले ते का, ते आता सांगतो. रहाटावर मोजणीचे चक्र असते. ते शंभर दाखवते. नवशिका समजतो की गळ शंभर फूट खाली आहे. वस्तुतः ते चक्र सुटलेल्या तारेची लांबी सांगते, खोली नव्हे. होडी चालते आहे, पाणी तारेला आणि गोळ्याला मागे रेटते आहे, तार तिरपी झाली आहे. तार सरळ रेषेत आहे असे धरले आणि ती उभ्या रेषेशी तीस अंशांचा कोन करीत असेल, तर शंभर फूट तारेची खोली सत्त्याऐंशी फूट भरते. कोन पंचेचाळीस अंशांचा असेल तर एकाहत्तर. शाळेत त्रिकोणमितीला ‘हिचा उपयोग काय’ म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शिवाय पाण्याचा रेटा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गती दुप्पट झाली की रेटा चौपट. तेव्हा यंत्र थोडे जोरात दाबले की गळ मुकाट्याने वर सरकतो आणि मासा जिथे नाही तिथून फिरत राहतो. वरच्या चक्रावरचा आकडा मात्र शंभरचा शंभरच. असले आकडे माणसाच्या व्यवहारात इतरत्रही असतात, पण ते असो.

आणि गती तरी कोणती मोजावयाची? चिनूकसाठी होडी दोन-तीन नॉटने चालवतात. उपग्रहाच्या आधाराने चालणारे यंत्र किनाऱ्याच्या हिशेबाने गती सांगते. पण माशाला किनाऱ्याशी काय कर्तव्य! तीन नॉटच्या प्रवाहाविरुद्ध तुम्ही दोन नॉटने होडी हाकता आहात. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला तुम्ही मागे मागे चाललेले दिसाल, आणि पाण्यातल्या गळाचे काम मात्र उत्तम चालले असेल. म्हणून जाणता तांडेल पडद्याकडे कमी आणि तारेकडे अधिक पाहतो. तारेचा कोन नेहमीसारखा दिसला की पाण्यातली गती बरोबर आहे असे तो समजतो. आमच्या तांडेलाने होडीच्या कडेला रंगाने एक तिरपी रेघ ओढून ठेवली होती. तार त्या रेघेशी जुळती ठेवावयाची, हेच त्याचे शास्त्र.

आमिषाविषयी दोन शब्द सांगून पुढे जातो. गळाच्या पुढे हातभर लांबीची नसली तरी वीतभराहून मोठी अशी एक चकाकणारी पट्टी गरगरत असते. हेरिंगवर तुटून पडलेल्या दुसऱ्या माशाचा तो आभास. तिच्यामागे रबराचे माकूळ नाही तर तिरपे कापलेले हेरिंग. रंगांवरून कोळ्यांत रणे माजतात. पदार्थविज्ञान एवढेच सांगते की समुद्रात तांबडा रंग सर्वांत आधी नाहीसा होतो, आणि खाली निळा-हिरवा तेवढा उरतो. दुकानात उठून दिसणारे तांबडे आमिष शंभर फुटांखाली काळवंडलेले असते. म्हणजे तो रंग मासा पाहत नाही, गिऱ्हाईक पाहते. पोलादी तारेतून पाण्यात वाहणाऱ्या सूक्ष्म विजेने मासा ओढला जातो किंवा बिथरतो, असेही कित्येक जुने ट्रोलर छातीठोकपणे सांगतात. त्यांच्या अनुभवाला आम्ही हसत नाही आणि मानही डोलवत नाही. हल्ली पुष्कळांनी पोलाद टाकून विणलेली कृत्रिम दोरी घेतली आहे, मासे तिलाही लागतात.

आता आम्ही जे सांगण्यासाठी उभे राहिलो त्या प्रसंगाकडे येतो.

सकाळचे नऊ वाजले असतील. धुके वितळले होते, दोन्ही बाजूंचे ओळंबे एकशेवीसवर होते आणि दोन्ही काठ्या आपापल्या जागी वाकून उभ्या होत्या. चाळीस-पन्नास मिनिटे काहीच घडले नाही. आम्ही चहा घेतला, गप्पा मारल्या, दूरच्या हिमशिखरांचे कौतुक केले. काठीचा शेंडा प्रवाहाच्या ठेक्यावर हलत होता, त्याकडे आम्ही मधूनमधून पाहत होतो. मग गळाला शेवाळ लागले आहे की काय हे पाहावे म्हणून तांडेलाने डावीकडची दोरी चिमट्यातून सोडवून वर घेतली. गळाला मासा होता. पोरसवदा चिनूक, कोपरापासून बोटांपर्यंत लांबीचा. तो मेलेला होता. चिमटा सोडवण्याइतका जोर त्याच्या अंगात नव्हता. केव्हा लागला, किती वेळ ओढला गेला, कोणाला ठाऊक! आम्ही हिमशिखरे पाहत होतो तेव्हा तो आमच्या मागून शंभरेक फूट खाली पाण्यात फरफटत येत होता. कायद्याने ठरलेल्या लांबीत तो बसत नव्हता, म्हणून ठेवताही येत नव्हता. तांडेलाने तो हातात धरून पाण्यात सोडला आणि एक सीगल येऊन तो घेऊन गेली. नंतर त्याने चिमट्याचा स्क्रू थोडा ढिला केला. बोलला काहीच नाही.

श्रोतेहो, दोष कोणाचा म्हणावा? यंत्र तर उत्तम होते. ओझे माशावर पडू नये म्हणूनच त्याचा जन्म झाला. पण त्याच फारकतीमुळे लहान माशाची धडपड आमच्या हातापर्यंत पोहोचली नाही. हातात दोरी धरून बसलेल्या कोळ्याला बोटभर मासा लागला तरी कळतो. त्या दिवशी आमचे हात चहाच्या पेल्याभोवती होते. यावर उपाय नाहीत असे नव्हे. चिमटा हलका ठेवावा, दर दहा-पंधरा मिनिटांनी दोरी तपासावी, शेंड्याची किंचित वेगळी थरथर ओळखावयास शिकावे. ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रात सॅमनसाठी बिनकाट्याचा गळच वापरला पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे जिवंत हाती आलेला लहान मासा निदान न फाडता सोडता येतो. पण हे सारे तिथे बसलेल्या माणसाच्या लक्षावर अवलंबून आहे, आणि लक्ष द्यावे लागू नये म्हणूनच तर आपण यंत्रे घेतो.

त्याच कॅम्बेल रिव्हरच्या मुखाशी याच्या अगदी उलट टोकाचा प्रकार पाहावयास मिळतो. 1924 साली तिथे टायी क्लब स्थापन झाला. त्याचे सभासद होऊ इच्छिणाऱ्याने वल्ह्यांच्या होडीतून, इंजिनाशिवाय, वीस पौंडांहून अधिक ताण न सोसणाऱ्या दोरीने, कृत्रिम आमिष आणि एकच बिनकाट्याचा गळ लावून तीस पौंडांचा चिनूक धरावयाचा. ओळंबा नाही, रहाट नाही. एक जण वल्ही मारतो, दुसरा काठी हातात धरून बसतो, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी अशा पुष्कळ होड्या नदीमुखाशी मुकाट्याने फिरत असतात. मासा लागतोच असे नाही. किंबहुना बहुतेकांना लागतच नाही. याच गावात रॉडरिक हेग-ब्राउन हा मासेमारीवरचा मोठा लेखक राहत असे. तो तिथे दंडाधिकारीही होता, आणि नद्या राखण्यासाठी तो आयुष्यभर भांडला. 1976 साली तो वारला. वल्ह्याच्या होडीतले ते लोक श्रीमंती खेळ करतात, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. आक्षेपात तथ्य असेल. पण इथवरच जाईन, यापुढे जाणार नाही, असे स्वतःहून ठरवणारी माणसे यंत्राच्या दारातच राहतात, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटली.

कारण चिनूक पूर्वीसारखा उरलेला नाही. धरणे, तापलेल्या आणि गाळाने भरलेल्या नद्या, बेसुमार पकड अशी अनेक कारणे आहेत. एकट्या ओळंब्याच्या माथी पाप मारणे अन्यायाचे होईल. पण मासा उन्हात खाली जाई, ती त्याची विश्रांतीची जागा होती. आता तीही राहिली नाही. आणि या माशावर माणसाखेरीज आणखी एका कुटुंबाचे पोट आहे. त्या पाण्यात फिरणाऱ्या, दक्षिणेकडच्या रहिवासी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ओर्का देवमाशांची संख्या पाऊणशेच्या आसपास आहे, आणि त्यांचे मुख्य अन्न चिनूक. 2018 च्या उन्हाळ्यात त्यांच्यातल्या एका मादीने आपले मेलेले पिल्लू सतरा दिवस डोक्यावर, नाकावर तोलून समुद्रातून वाहून नेले. ती छायाचित्रे जगभर छापून आली. 2019 पासून कॅनडा सरकारने काही भागांत, काही महिन्यांत चिनूक धरण्यावर कडक बंधने घातली. हे देवमासे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून शिकार हुडकतात. होडीतले मासा दाखवणारे यंत्रही प्रतिध्वनीवरच चालते. म्हणून देवमासे जवळ असता ते यंत्र बंद ठेवा आणि मासेमारी थांबवा, असे आता तिथे सांगितले जाते. एकाच माशासाठी एकाच विद्येचा वापर करणारे दोघे एका पाण्यात, असा हा प्रकार आहे. गाववाल्या तांडेलांना ही बंधने जाचतात. हंगाम गेला की वर्ष गेले, असे ते म्हणतात, आणि होडीचा हप्ता देवमासा भरीत नाही हेही खरे.

त्या दिवशी दुपारी परत फिरण्याआधी उजवीकडची काठी उसळली. आम्ही धावलो. वर आला तो चिनूक नव्हता, नारिंगी अंगाचा, पिवळ्या डोळ्यांचा रॉकफिश होता. तळाशी खडकात राहणारी ही जात शंभर वर्षांहूनही अधिक जगते. सॅमनच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला घशाकडे वाट असते, तो वर येताना हवा सोडून देतो. या बिचाऱ्याच्या पिशवीला तशी वाट नाही. दर तेहतीस फुटांना एका वातावरणाइतका दाब कमी होत जातो, पिशवी फुगते, डोळे खोबणीतून बाहेर येतात, जठर तोंडात येते. असा मासा नुसता पाण्यात टाकला तर तो बुडूच शकत नाही, पृष्ठभागावर तरंगत मरतो. आम्ही पाहिला तो तसाच झाला होता. वय आमच्याहून अधिक असणे अगदी शक्य होते.

तांडेलाने तो पाण्यात ओला ठेवला, पेटीतून एक चिमटा काढून त्याच्या खालच्या जबड्याला हलकेच लावला आणि तो चिमटा ओळंब्याच्या गोळ्याला अडकवला. असे मासे खाली पोहोचविण्याचे साधन होडीत बाळगणे आता तिथे बंधनकारकच आहे. मग त्याने रहाट सोडला. तीस, साठ, नव्वद. दाब परत वाढत गेला तशी पिशवी आकसत गेली असणार. एकशेवीसला त्याने रहाट थांबवून तारेला एक झटका दिला, थोडा वेळ थांबला आणि गोळा वर घेऊ लागला. आम्ही दोघेही कडेवरून वाकून पाण्यात पाहत होतो. हिरव्या पाण्यातून आधी तार दिसली, मग गोळा, आणि गोळ्याला उघडा, रिकामा चिमटा.